आठवीचं कोण बघतं?

आमच्या घरात एक वाक्य इतक्या सहज बोललं जायचं की ते पहिल्यांदा कोणी म्हटलं हे आता सांगता येणार नाही. 'आठवीचं कोण बघतं?' बाबा म्हणायचे, आई म्हणायची, पुण्याहून फोनवर आत्या म्हणायची. दहावी बघतात, बारावी बघतात. आठवी म्हणजे मधलं स्टेशन, गाडी थांबली काय आणि न थांबली काय. या वाक्यानं माझं कॉलेज खाल्लं. हे मी सरळच सांगून टाकते, कारण आडवळणानं लिहायची मला सवय नाही. आज मी पुण्यात विद्यार्थ्यांसाठी पत्रकं लिहिते. पत्रकाला एक पान मिळतं आणि वाचणारा बसची वाट बघत उभा असतो. दुसऱ्या ओळीपर्यंत मुद्दा आला नाही तर तो त्या कागदाची शेंगदाण्याची पुडी करतो. त्यामुळे कोणी म्हणालं की या वयात कसलं आत्मकथन, तर माझं उत्तर तयार आहे. सगळं विसरून, सगळ्यांना माफ करून झाल्यावर लिहायचं असेल तर मला लिहायचंच नाही. मी अजून चिडलेली आहे तोवर हे लिहून होऊ दे.

आम्ही आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका उंच इमारतीत राहायचो. खिडकीतून दिसायची ती समोरच्या इमारतीची खिडकी, आणि तिथले लोक आमच्याकडे बघायचे. खिडक्या उघडायच्या नसायच्या, त्यामुळे माझ्या लहानपणीचे सगळे आवाज घरातले आहेत. एसीची घरघर, जी बंद झाली की जीव घाबरायचा. मिक्सर, कुकर. लिफ्टमधली बाई, जी मजल्याचा आकडा आधी अरबीत आणि मग इंग्रजीत सांगायची. आणि काचेतून गाळून आल्यासारखी संध्याकाळची अजान. ती झाली की आई वरणाचा कुकर लावायची. आई सांगलीची, बाबा पुण्याचे. पोळ्या करायचा कंटाळा आला की आई खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, खबूस ही गरम अरबी रोटी मागवायची आणि त्याच्याबरोबर पिठलं. पिठल्याला खबूसइतकं चांगलं काही नाही, हे मी पुण्यात कोणाला सांगितलं की लोक माझ्याकडे धर्म बदलल्यासारखं बघतात. बाबा मरीनामधल्या एका कंपनीत खरेदी विभागात होते. दिवसभर तिथे त्यांना 'इन्शाल्ला' ऐकावं लागायचं. माल कधी येणार, इन्शाल्ला. पैसे कधी सुटणार, इन्शाल्ला. तेच ते घरी आणायचे. माझा धाकटा भाऊ निषाद विचारायचा, "बाबा, कॅन वी गो टू द बीच टुमॉरो?" बाबा म्हणायचे, "इन्शाल्ला," आणि निषाद पाय आपटत आईकडे जायचा, "आई, ही सेड नो."

आम्हाला भारतीय शाळेत जागा मिळाली नाही, म्हणून अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत घातलं. बाबांनी त्यात कमीपणा मानला नाही, उलट अभिमान मानला. पण ती शाळा कशी चालते हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. सातवीच्या शेवटी गणिताच्या बाईंनी वर्गातल्या थोड्या मुलांना निवडलं आणि सांगितलं की ही मुलं आठवीतच अल्जिब्रा करतील, जो खरं तर नववीचा विषय आहे. त्या दिवशी आईनं शिरा केला. बाबा लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत होते, "नववीचं गणित आठवीत! पोरगी एक वर्ष पुढे." मल्याळी शेजारी, इजिप्शियन शेजारी, सगळ्यांनी माना डोलावल्या, मबरूक म्हणत अभिनंदन केलं. आता हे नीट ऐका, कारण सगळं दुखणं इथे आहे. विषय नववीचा असला की तो शिकलात कधी याला महत्त्व नसतं. त्याचे गुण नववी ते बारावीच्या गुणांमध्ये जाऊन बसतात. कॉलेजला जो कागद जातो, ज्याला ते ट्रान्सक्रिप्ट म्हणतात, त्यावर आठवीचा तो एक विषय छापून येतो आणि सरासरीत धरला जातो. शाळेनं हे लपवलं होतं असं मी म्हणणार नाही. ते कुठल्याशा जाडजूड पुस्तिकेत होतं. पण बाईंनी आई-बाबांना समोर बसवून 'काँग्रॅच्युलेशन्स' म्हणायला वेळ काढला, तसा हे एक वाक्य सांगायला काढला नाही.

मग निषादची मुंज ठरली. मुंज पुण्यात, आणि मे महिन्यात, कारण मुंजी मे महिन्यातच होतात. सगळ्या भावंडांना सुट्टी असते, हॉल आत्यानं आधीपासून धरून ठेवलेला असतो, गुरुजींनी मुहूर्त काढलेला असतो. फक्त आमच्या शाळेला मे महिन्यात सुट्टी नसते. आमची शाळा जुलैच्या तोंडावर बंद होते, आणि मे म्हणजे ऐन परीक्षांच्या आधीचे दिवस. आईनं एकदा दबक्या आवाजात म्हटलं, "अहो, सईचं गणित आहे हो." बाबा म्हणाले ते तुम्हाला माहीतच आहे. आम्ही गेलो आणि चांगलेच राहिलो, कारण मुंजीआधी केळवणं आणि मुंजीनंतर देवदर्शन. खोटं कशाला सांगू, मला फार मजा आली. निषादला आईच्या शेजारी बसवून भरवलं तेव्हा मोठ्या बायका डोळे पुसत होत्या आणि तो ओरडत होता, "आई, इनफ, आय एम फुल." जिलबी मठ्ठ्यात बुडवून खायला मला चुलत बहिणींनी शिकवलं. परत आलो तेव्हा वर्ग दोन धडे पुढे गेला होता. मी धडपडले, पण जे पायाशीच सुटलं होतं ते हाती लागलं नाही. अल्जिब्रात मला 'डी' मिळाला, म्हणजे जेमतेम पास. घरी कोणी रागावलं नाही. बाबा म्हणाले, "जाऊ दे गं, मुंज थोडीच परत येते."

इथपर्यंत तरी काही बिघडलेलं नव्हतं. नववी सुरू झाली तेव्हा शाळेतून फोन आला की सईनं अल्जिब्रा पुन्हा घ्यावा, हवं तर. रिपीट. हा शब्द आमच्या घरात पडला आणि एसी बंद झाल्यासारखी शांतता झाली. आईनं फोन कानापासून लांब धरून बाबांकडे बघितलं. "रिपीट करा म्हणतायत." बाबांनी फोन घेतला. "मॅडम, माय डॉटर हॅज नॉट फेल्ड," ते म्हणाले, आणि असं म्हणाले की जणू पलीकडच्या बाईंनी आमच्या घराण्याचं नाव घेतलं होतं. "शी विल गो अहेड." पलीकडून बाई म्हणाल्या, ॲज यू विश. फोन ठेवल्यावर बाबा खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. "आपल्याकडे रिपीटर कोणी झालंय का आजवर?" माझ्या वर्गात कॅनडाहून आलेली अमेलिया होती; तिला 'सी' होता तरी ती आनंदानं नववीत पुन्हा त्याच वर्गात जाऊन बसली. आईला तिची दया आली. एकदा डब्यात दोन थालीपिठं जास्त घालून म्हणाली, "तिला दे, बिचारी." पुन्हा घेतलं की जुना गुण पुसला जातो आणि नवा लागतो, हे अमेलियाच्या आईला माहीत होतं. तिनं विचारलं होतं. आमच्या घरात कोणाला विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं, आणि शाळेनं 'हवं तर' म्हटलं, 'का' ते सांगितलं नाही. आजही 'माहिती उपलब्ध होती' असं कोणी माझ्यासमोर म्हणालं की माझं डोकं फिरतं. उपलब्ध! विहिरीत पाणीही उपलब्ध असतं, दोर कोण देणार?

पुढची वर्षं मी अभ्यास केला, मान मोडून केला. गणितात सुद्धा 'ए' आणले. मला तिथेच राहायचं होतं, हे समजून घ्या. माझा जन्म तिथला, पण तो देश माझा नाही. बाबांची नोकरी आहे तोवर आम्ही तिथले. माझ्या मैत्रिणी, माझा समुद्र, माझी खबूसची भट्टी, सगळं उधारीवर असल्यासारखं. अबुधाबीच्या एका विद्यापीठात चांगल्या सरासरीच्या मुलांना जवळजवळ सगळी फी माफ होती. ती मिळाली तर मी तिथे शिकणार, नाहीतर पुण्याला आत्याकडे, कारण फी भरून तिथे शिकवणं बाबांना शक्य नव्हतं. बाबांनी फीचा आकडा दिरहममध्ये वाचला, मनातल्या मनात त्याचे रुपये केले, आणि तो विषय पुन्हा काढला नाही. माझ्या हिशेबानं मी त्या सरासरीच्या रेषेच्या वर होते. बारावीच्या सुरुवातीला आमच्या समुपदेशक मिस रीमा यांनी तपासून घ्यायला म्हणून ट्रान्सक्रिप्ट हातात दिला. सगळ्यात वरची ओळ होती, आठवी, अल्जिब्रा, डी. मला वाटलं चुकून दुसऱ्याचं आलंय. नाव वाचलं. माझंच होतं. खाली सरासरी होती, रेषेच्या जराशी खाली. जराशी! धडधडीत नापास झाले असते तर इतकं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसमधून सुट्टी काढून शाळेत आले. त्यांनी मुंजीला घातलेला कोट घातला होता, का कोण जाणे. मिस रीमा लेबनीज होत्या, मनानं फार चांगल्या. मला लाडानं हबीबती म्हणायच्या, टेबलावर खजुराचा डबा ठेवायच्या. त्यांनी आधी नियम सांगितला. मग मुदत सांगितली, की पुन्हा घ्यायचं होतं तर पुढचं गणित घेण्याआधी घ्यायला हवं होतं, आता खलास. बाबांनी विचारलं, "काहीच नाही का?" मग त्या थोडं पुढे वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की एक वाट आहे. त्या वर्षी घरात कोणी वारलं असेल, गंभीर आजार असेल, तर समितीपुढे ठेवता येतं, गुण काढून नुसतं 'उत्तीर्ण' लिहिता येतं. "सर, त्या मे महिन्यात ती बरेच दिवस आली नव्हती, दिसतंय मला. घरात काही दुःखद झालं होतं का?" त्यांच्या आवाजात इतकी माया होती की जणू त्यांनी उत्तरच आमच्या हातात ठेवलं होतं. मी बाबांकडे बघितलं. हो म्हणा. फक्त हो म्हणा. मी आयुष्यात देवाकडे मागितलं नाही इतक्या कळवळून मी ते बाबांच्या कोटाकडे बघत मागितलं.

बाबांनी घसा खाकरला. "नो मॅडम. इट वॉज माय सन्स थ्रेड सेरेमनी." मिस रीमांना कळलं नाही. मग बाबा समजावून सांगायला लागले, त्यांच्या खरेदी विभागाच्या इंग्रजीत. मुलगा आठ वर्षांचा झाला की करतात. त्याचे केस काढतात. तो आईबरोबर शेवटचं एका ताटात जेवतो, मग भिक्षा मागतो, मग तो विद्यार्थी होतो. "ही बिकम्स स्टुडंट, मॅडम," असं म्हणताना बाबा अडखळले. त्या खोलीत ते वाक्य बोलणं म्हणजे काय होतं ते त्यांना मध्येच कळलं असणार. मिस रीमांचे डोळे पाणावले. "हाऊ ब्युटिफुल," त्या म्हणाल्या. "पण सर, मग ते सेलिब्रेशन होतं." बाबा म्हणाले, "येस मॅडम." त्यांनी खजुराचा डबा आमच्यापुढे सरकवला. बाबांनी एक घेतला. मी घेतला नाही.

गाडीत बसल्यावर मी ओरडले. तेव्हा मला कसलाही विवेक नव्हता. "आजोबा गेले म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? कोण बघायला येणार होतं पुण्याला?" बाबांनी किल्ली फिरवली नाही. गाडी भट्टीसारखी तापली होती, एसी बंद, आणि ते स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होते. "आजोबा जिवंत आहेत, सई," ते म्हणाले. "तुमच्यामुळे झालं हे सगळं," मी म्हणाले, "तुमच्यामुळे आणि त्या शाळेतल्या बायांमुळे." "हो," बाबा म्हणाले. एवढंच. मला भांडण हवं होतं आणि त्यांनी भांडणच दिलं नाही. घरी पोचेपर्यंत त्यांच्या कोटाची पाठ भिजून काळी झाली होती.

मी त्या आठवड्यात माझं पहिलं पत्रक लिहिलं. तेव्हा त्याला पत्रक म्हणतात हेही माहीत नव्हतं. एक पान, मोठ्या अक्षरात, की बाबांनो आठवीत हा वर्ग घेत असाल तर तो मोजला जातो. इमारतीच्या लिफ्टमध्ये लावायचं, शाळेच्या बसमध्ये वाटायचं असं माझं ठरलं होतं. बाबांनी ते वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि म्हणाले, "इथे असे कागद लावत नाहीत. इथे आपण राहायला आलोय." मी आईकडे बघितलं. आईनं मान खाली घातली. डिसेंबरात अबुधाबीचं उत्तर आलं, प्रवेश आहे, फीमाफी नाही. त्या संध्याकाळी आईनं कुकर लावलाच नाही. निषाद दारातून म्हणाला, "इज इट बिकॉज ऑफ माय मुंज?" तेव्हा मात्र आई उठली, त्याला जवळ घेतलं आणि म्हणाली, "नाही रे राजा."

आईनं बाहेर वेगळंच सांगायला सुरुवात केली. सईलाच पुण्याला जायचंय. तिलाच आपल्या मातीत शिकायचंय. सगळी घरं असं सांगतात. ज्याची नोकरी गेली तो सांगतो, आता कंटाळा आला इथला. मी ते ऐकायचे आणि दात आवळायचे. जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. इमारतीतल्या आणि पलीकडच्या इमारतीतल्या मराठी बायका काळ्या साड्या नेसून आल्या. आईनं करामाच्या भारतीय दुकानांतून तिळगूळ आणला होता, खमंग मसालेदूध केलं होतं, वाणाला काचेच्या बरण्या. मी ट्रे घेऊन फिरत होते. सगळ्यांत मोठ्या कुलकर्णी काकूंनी मला जवळ ओढलं. "कळलं हो आम्हाला. पुण्याला चाललीस. शहाणी मुलगी. नाहीतर आमची पोरं, पुण्याला उतरल्यावर नाकाला रुमाल लावतात." सगळ्या हसल्या. मृणाल नावाच्या तरुण बाईनं विचारलं, "पण सई, तू तर अबुधाबी अबुधाबी करत होतीस ना गं? मन कसं बदललं?"

आई तेव्हा कुलकर्णी काकूंना कुंकू लावत होती. तिचं बोट कपाळाशी थांबलं. "तिचं मन नाही बदललं," आई म्हणाली. "तिला नाही मिळालं."

"अगं बाई, इतकी हुशार मुलगी आणि?" काकू म्हणाल्या. "आम्हाला तर तुम्ही..."

"तुम्हाला मी खोटं सांगितलं, काकू." आईनं कुंकवाचा करंडा खाली ठेवला. मग ती त्या सगळ्या बायकांसमोर उभी राहिली, आणि सांगितलं. कुठला विषय, कधी, कशामुळे बुडला, कुठे छापून आला. 'डी' हे अक्षर तिनं मोठ्यानं उच्चारलं. आमच्या घरात ते कोणी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. "पुन्हा घ्या म्हणत होते, आम्हालाच लाज वाटली," ती म्हणाली. "मला वाटलं, लोक काय म्हणतील, वैशालीची मुलगी रिपीट." मी ट्रे धरून उभी होते. माझी चार लोकांत बेअब्रू चालली होती आणि मला वाटत होतं, थांबू नकोस आई, थांबू नकोस.

कुलकर्णी काकू म्हणाल्या, "हे आधी सांगायला हवं होतंस गं वैशाली. माझ्या नातीनंही घेतला होता तो वर्ग." कोणीतरी म्हणालं, छे, आमच्या शाळेत असं नसेल. आई म्हणाली, "मग उद्या जाऊन विचारा. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही." बायका एकदम बोलायला लागल्या. सगळं पुसायला मुदत कधीपर्यंत, आठवीतलं फ्रेंचही तसंच मोजतात का, कोणाला भेटायचं. आईला सगळं नीट सांगता येईना. ती माझ्याकडे वळली. "सई, ट्रे ठेव तो. बस इथे. तू सांग."

मी बसले आणि सांगितलं. मृणालनं सगळं ऐकून घेतलं, मसालेदुधाचा पेला तसाच खाली ठेवला आणि फोन घेऊन दाराशी गेली. तिचा ईशान आठवीत होता, त्याच वर्गात, हे आम्हाला तिच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. सगळ्या बायका ऐकत होत्या आणि तिला त्याची पर्वा नव्हती.

"अहो, मी बोलतेय. मेमध्ये भाऊजींच्या लग्नाला तुम्ही एकटे जायचं. मी आणि ईशान इथेच. आठवीचा अल्जिब्रा आहे त्याचा. नाही, कोणी आजारी नाही. सांगते घरी आल्यावर. नाही हो, रागावून नाही. आईंशी मी बोलते, माझं नाव सांगा. म्हणावं, मृणाल येत नाही म्हणतेय, काय म्हणायचं ते मला म्हणा."